विशाळगडच्या तालुक्यात प्लास्टिकचा किल्ला

माशांचा छळ करायला फार काही लागत नाही. दोन फुटी काचेची टाकी, तळाला पोपटी-गुलाबी रंगवलेली खडी, वर निळा एलईडी, मधोमध प्लास्टिकचा किल्ला आणि शेजारी बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या. त्यात चार गोल्डफिश, दोन एंजल आणि काच चाटायला एक सकर सोडायचा. टाकी सोफ्याच्या बरोबर समोर, चारी बाजूंनी उघडी ठेवायची. पुढचं सगळं मासे आपापलं उरकून घेतात. महिना-दीड महिन्यात एकेक करून वर तरंगतात आणि मालक कोल्हापूरला जाऊन नवी जोडी घेऊन येतो.

आमच्या शाहूवाडी तालुक्यात हे हल्ली फार झालंय. मुंबईत राबून मिळवलेल्या पैशातून गावाकडं स्लॅब पडतो, हॉलला पीओपी होतं आणि त्या हॉलची शोभा म्हणून टाकी येते. मलकापूर, बांबवडे, सरूड, कुठंही जा, नव्या घरात ती दिसणारच. मला माशांतलं थोडं कळतं असा गावात बोभाटा आहे. त्यामुळं मासे मरायला लागले की बोलावणं येतं. चहा येतो, खारी येते आणि मग प्रश्न येतो, ‘‘खायला तर चांगलं महागातलं घालतोय, तरी मरत्यात कशानं?’’

मी विचारतो, ‘‘त्यांना लपायला जागा कुठाय?’’

उत्तर ठरलेलं. ‘‘लपल्यावर दिसायचं काय ओ? बघायलाच तर आणल्यात!’’

माझं भांडण या उत्तराशी आहे. ज्याला ठाऊकच नाही त्याला समजावून सांगता येतं. पण या तालुक्यातल्या माणसानं ‘माशाला लपायला लागतं हे मला माहीत नव्हतं’ असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप आहे. कडवी-शाळी नद्यांच्या पात्रात लहानपणी ज्यानं दगडाखाली हात घातला नाही असा गडी मला दाखवा. खेकडा कुठं सापडतो? दगडाच्या कपारीत. वाम कुठं असते? चिखलातल्या, मुळांतल्या भोकांत. उन्हाळ्यात पात्र आटून डोह तेवढे उरतात तेव्हा मासळी कुठं दाटते? काठावरच्या जांभळीच्या, करंजाच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या असतात तिथं. मृगाचा पाऊस पडला की चढणीचे मासे ओढ्यातून भातखाचरात शिरतात, ते काय आपलं शेत बघायला येतात? नवं पाणी, गवताचा आडोसा, अंड्यांना आणि पिलांना सुरक्षित जागा, म्हणून येतात. रात्री बॅटरी घेऊन त्यांच्या मागं पळणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. मासा कुठं लपतो हे माहीत असल्याशिवाय तो पकडताच येत नाही. म्हणजे पकडून खायचा असेल तेव्हा आपल्याला त्याची सगळी घरं पाठ असतात, आणि पाळायचा असेल तेव्हा एकही आठवत नाही.

आणि आडोशाची किंमत या मुलखाला कुणी शिकवायची? जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले ते पावसातून, अंधारातून, याच डोंगरझाडीच्या आडानं. त्या वाटेवरचं रान, घळी आणि खिंड यांचा अभिमान सांगत आपण दर पावसाळ्यात पदभ्रमंतीला जातो, टी-शर्ट छापतो. आणि घरी येऊन माशाच्या टाकीत काय ठेवतो? प्लास्टिकचा किल्ला. त्यातही बहुतेक किल्ले भरीव. दरवाजा नुसता रंगवलेला. विशाळगडच्या तालुक्यात आपण माशाला जो किल्ला देतो त्यात आत शिरायला वाट नाही.

आता एक टाकी जरा जवळून बघू. गाव सांगत नाही. तीन गोल्डफिश होते. त्यांतला एक कोपऱ्यात, फिल्टरच्या काळ्या डब्याच्या आणि काचेच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत डोकं खुपसून उभा होता. कल्ले भराभर हलत होते, पाठीवरचा पर मिटलेला होता, शेपटी तेवढी बाहेर. घरातला पोरगा येऊन काचेवर टिचक्या मारत होता, कारण मासा ‘खेळत नाही’. टिचकी बसली की मासा फटीत आणखी आत घुसायचा आणि अंगाचे खवले डब्याच्या कडेला घासायचे. सगळ्या टाकीत त्याला आडोसा म्हणून एवढी एकच जागा सापडली होती आणि ती देण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. घरमालक मला म्हणाला, ‘‘फिल्टरची हवा आवडती त्याला.’’

हवा आवडत नाही, दादा. तो भ्यालाय.

बहुतेक लहान मासे हे दुसऱ्या कुणाचं तरी भक्ष्य असतात. वरून खंड्या, बगळा, खालून डोकऱ्या, बाजूनं पाणसाप. उघड्यावर राहणं म्हणजे मरण, हे त्यांच्या रक्तात लाखो वर्षं मुरलेलं आहे. तुमच्या हॉलमध्ये खंड्या येत नाही हे तुम्हाला ठाऊक असतं, माशाला नसतं. काचेपलीकडून सरकणारी प्रत्येक सावली त्याच्या लेखी संकटच. त्याला पापण्या नाहीत, डोळे मिटून ‘नको बघायला’ म्हणायची सोय नाही. मासेही झोपतात, आणि वर रात्री बारापर्यंत निळा दिवा. सतत भेदरलेल्या माशाच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं आणि रोगाशी लढायची ताकद घटते. मग अंगावर साबुदाण्याहून बारीक पांढरे ठिपके येतात. तो ‘इक’ नावाचा परजीवी. त्यावर आपण दुकानातून निळं औषध आणून ओततो, पाणी शाईसारखं करतो. भीती तशीच ठेवायची आणि ठिपक्यांवर औषध घालायचं!

बरं, लपायला जागा दिली की मासे दिसायचे बंद होतात हेही खरं नाही. होतं नेमकं उलट. दडायला जागा वीतभर अंतरावर आहे याची खात्री पटली की मासा बिनधास्त बाहेर फिरतो. रंग चढतो, पर उघडतात, खायला पुढं येतो. आडोसा नसलेला मासा एक तर कोपऱ्यात गोठून बसतो, नाहीतर वेड्यासारखा काचेवर वरखाली करत राहतो. त्याला आपण ‘ॲक्टिव्ह आहे’ म्हणतो. माझ्या टाकीत मागच्या काचेला काळा कागद, दोन कौलं, काळ्या दगडांची एक रास आणि दाट हायड्रिला आहे. पाहुणे येतात तेव्हा पहिलं मिनिटभर काहीच दिसत नाही. पाहुणा म्हणतो, ‘‘रिकामीच हाय की.’’ तो गप्प बसला तर एक थोबाड कौलाखालून बाहेर येतं, मग दुसरं पानांतून, मग सगळा गोतावळा. मिनिटभर गप्प बसणं मात्र पाहुण्याला जड जातं, तो माशाचा दोष नव्हे.

सगळ्यात संताप येतो तो मासा मेल्यावर जे ऐकावं लागतं त्याचा. ‘‘घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं बघा.’’ टाकी आणतानाच वास्तुवाल्यानं सांगितलेलं असतं: आठ सोनेरी, एक काळा, ईशान्येला ठेवा. मग काळा मेला की घरात समाधान पसरतं, इडा-पीडा गेली! अहो, संकट बाहेरून आलंच नव्हतं. ते टाकीत होतं आणि त्याचं नाव अमोनिया. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. दगड, वाळू, पानं, फिल्टरचा स्पंज अशा पृष्ठभागावर ते वस्ती करतात आणि नव्या टाकीत ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमचे मासे किती दिवसांत मेले? महिना-दीड महिन्यात. हिशेब जुळला का? दुकानदारानं टाकी आणि मासे एकाच दिवशी, एकाच गाडीत घालून दिले होते. यात वास्तुदोष कुठं आहे, आणि असलाच तर तो टाकीच्या वास्तूचा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी ५६ लिटर पाणी मावतं. त्यात वीतभर वाढणारे नऊ गोल्डफिश कोंबून वर लक्ष्मीची वाट बघायची!

इथं झाडांचा विषय येतो, आणि तो केवळ शोभेचा नाही. आज आपण ज्याला टाकी म्हणतो ती कल्पनाच मुळी झाडावर उभी राहिली. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८५० साली आपला प्रयोग मांडला: काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाची रोपं. झाडांची जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं तेव्हा त्यानं त्यात गोगलगायी सोडल्या, त्या कुजकं खाऊ लागल्या आणि पाणी निवळलं. पंप नव्हता, एलईडी नव्हता, घरात वीजच नव्हती. मासा जे टाकतो ते झाड घेतं, झाड जे टाकतं ते माशाला लागतं, हा त्यातला मुद्दा. आपण त्या प्रयोगातलं झाड फेकून दिलं, गोगलगाय फेकून दिली, मासे वाढवले आणि जागा भरायला प्लग लावला.

आणि प्लगचं काय होतं ते शाहूवाडीत राहणाऱ्याला मी सांगायला नको. जुलैत आंबा घाटाकडं झाड तारेवर पडलं की लाईट गेली ती गेली. पंप बंद, फिल्टर बंद, गच्च भरलेल्या टाकीतले मासे सकाळी पृष्ठभागाशी तोंड आ करून उभे. झाडं असली म्हणजे चमत्कार होतो असं मी म्हणत नाही. झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री स्वतःच घेतात. म्हणूनच मासे कमी आणि झाडं जास्त, असाच मेळ घालावा लागतो. पण तो मेळ घातलेली टाकी अंधारात तग धरते, आणि प्लास्टिकच्या किल्ल्यानं आजवर कुणाचाही अमोनिया शोषलेला नाही.

गप्पी माशाचं बघा. ‘गप्पी मासे पाळा, डास टाळा’ हे गावोगावच्या भिंतींवर वाचतच आपण मोठे झालो. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिलं सोडते, आणि समोर आलेलं पिलू स्वतःच गिळते. वर पाण्यावर पसरलेली झाडं असली तर पिलं त्यांच्या मुळांत शिरून वाचतात. नसली तर सकाळी पोटच्या पोरांचा नाश्ता झालेला असतो आणि घरातली मंडळी म्हणतात, ‘‘पिलं होतच न्हाईत.’’ नर मादीच्या मागं सतत लागलेले असतात, तिला दम खायला पानांच्या आड जागा लागते. जागा नसेल तर मादी दमून मरते. फायटर माशाची, म्हणजे बेट्टाची, कथा आणखी लाजिरवाणी. तो कल्ल्यांशिवाय वरची हवाही घेऊ शकतो, म्हणून त्याला चहाच्या ग्लासाएवढ्या बरणीत विकतात. कुठला मासा हा? थायलंडच्या भातखाचरांतला, दाट पाणवनस्पतीतला. तिथं २०१९ साली त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. आपण भात पिकवणारी माणसं. खाचरातला मासा खाचरात कसा राहतो हे बघायला आपल्याला थायलंडला जायची गरज आहे का? मग तो बरणीत का?

‘‘झाडं, दगड म्हटलं की खर्च आला,’’ हे दुसरं ठेवणीतलं कारण. मी त्यांना घराच्या मागं घेऊन जातो. जुनं घर पाडून स्लॅब टाकला ना? मग त्या घराची नळीची कौलं कुठं आहेत? परसात, उकिरड्याच्या कडेला रास लागलेली असते. अर्ध्या नळीसारखं, भाजलेल्या मातीचं, रंग नाही, रसायन नाही. ब्रशनं घासा, उकळत्या पाण्यातून काढा, टाकीत पालथं ठेवा. तळाशी राहणाऱ्या माशाला याच्याहून चांगली गुहा जगातलं कुठलंही दुकान देऊ शकत नाही. पण ते फुकट असतं, आजोबांच्या घराचं असतं, म्हणून त्याची लाज वाटते. प्लास्टिकच्या किल्ल्याला मात्र पैसे मोजावे लागतात, म्हणून तो शोभेचा. संक्रांतीचं फुटकं सुगड आडवं ठेवा. नारळाची करवंटी उकळून भोक पाडून ठेवा. काळा दगड चालतो, आपला सगळा डोंगर त्याचाच आहे. चुनखडी आणि संगमरवर नको, ते पाण्यात विरघळून पाणी जड करतात. शंका असेल तर दगडावर लिंबू पिळा, फसफसला तर बाहेर. जांभा झिजतो आणि पाणी तांबडं करतो, तो भिंतीलाच ठीक. दगडांची रास मात्र काचेच्या तळावर पक्की बसवा, वरच्या वाळूवर नको. वाळू उकरणारा मासा रास स्वतःच्या अंगावर पाडून घेतो.

झाड म्हणाल तर शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाची आकृती काढताना उलट्या नरसाळ्याखाली दाखवलेली हायड्रिला आठवते का? तीच. ती तळ्यातून आणली तर चतुराच्या अळ्या आणि नको ती पाहुणी बरोबर येतात, म्हणून पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्यात बुडवून, धुवून घ्या. दिवसाला आठेक तास पांढरा उजेड पुरे. गोल्डफिश कोवळी पानं खातो, रोपं उपटतो, त्याच्यासाठी लाकडाला बांधलेलं जाड पानाचं अनुबियास ठेवा. प्लास्टिकची टोकदार झाडं टाळा, लांब परांच्या माशाचे पर त्यांवर फाटतात.

‘‘मग घाण साचती.’’ साचते, खरंय. दगडाच्या मागं साचते, नळी घालून ओढून काढायची. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन काढून. पण आपली स्वच्छता वेगळी. महिन्यातून एकदा मासे बादलीत, टाकी अंगणात, खडी कपड्याच्या पावडरीनं घासून लख्ख. म्हणजे महिनाभर खपून बसलेली जिवाणूंची वस्ती एका दुपारी साफ. मग पुन्हा अमोनिया, पुन्हा मरण, पुन्हा ‘संकट अंगावर घेतलं’.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा माणूस सोडून कुठल्याही सजीवाला प्राणी मानतो, आणि पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राण्याला कोंडणं हा गुन्हा धरतो. म्हणजे बरणीतला बेट्टाही त्यात बसतो. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. प्लास्टिकचा किल्ला याहून महाग येतो. २०१७ मध्ये केंद्रानं टाक्या आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम काढले, व्यापाऱ्यांनी ओरड केली, नियम मागे गेले. रोम शहरानं २००५ सालीच गोल काचभांड्यात मासे ठेवायला बंदी केली. आपल्याकडं तेच भांडं वाढदिवसाची भेट म्हणून रिबिन लावून देतात.

आता कुणी उत्साही गडी म्हणेल, चला, ओढ्यातलेच मासे आणि झाडं उचलून आणू. खबरदार! लपायची जागा द्यायला सांगितलीय, दुसऱ्याची लुटायला नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडात बोटाएवढा एक मासा सापडला, २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावानं जगापुढं आला, आणि तो पकडून पकडूनच संपेल या धास्तीनं २०२१ मध्ये शासनानं ती सुमारे दोन हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून राखली. सह्याद्रीतल्या अशा माशांची अख्खी दुनिया एखाद्या कुंडाएवढीच असू शकते. आणि उलटी चूकही नको. सकर टाकीत मावेनासा झाला की ‘जीव वाचवला’ म्हणून कडवीत सोडणारे पुण्यवान आहेत. तो फूट-दीड फूट वाढतो, हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत घालून फिरतो, उजनीच्या मच्छीमारांना विचारा जाळ्यांचं काय करतो ते. विकत घेताना त्याला ‘काच पुसणारा’ म्हणून घेतलंत, तर तो मोठा झाल्यावरही तुमच्याच घरचा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. टाकी ठेवायची तर माशाला तुमच्या नजरेआड जाण्याचा हक्क द्या. मागची आणि एक बाजूची काच झाका. मासे जितके, त्याहून लपायच्या जागा जास्त ठेवा. मासे निम्मे करा, झाडं दुप्पट करा. रात्री दिवा घालवा. पोराच्या टिचक्या बंद करा. किल्ला पोराला खेळायला द्या आणि परसातलं कौल घरात आणा.

हे जमणार नसेल, मासा चोवीस तास समोरच दिसायला हवा असेल, तर तुमच्या हॉलमध्ये तो पन्नास इंची टीव्ही आहेच. त्यावर समुद्रातल्या माशांचा व्हिडिओ लावा. त्यातले मासे लपत नाहीत, आजारी पडत नाहीत, घरावरचं संकटही अंगावर घेत नाहीत. आणि नको झाले की रिमोटचं बटण दाबून घालवता येतात.